टिकटिक थांबली म्हणून पंप फेकू नका

अकोले तालुक्यातलं राजूर सोडून बारीच्या दिशेने निघालं की कोल्हार-घोटी रस्ता डोंगरात शिरतो. समोर 1,646 मीटर उंचीचं कळसूबाई, रस्त्याला चढण आणि वळणं, आणि मे महिना असेल तर बॉनेटला हात लावायची सोय नाही. याच दिवसांत काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. त्यांत एखादी हौसेने जपलेली फियाट किंवा मॉरिस मायनर असते. चढणीवर ती आचके देऊ लागते, दोनदा झटका मारते आणि कडेला उभी राहते. भोवती माणसं जमतात आणि कुणीतरी निदान सांगून टाकतं: पंप गेला.

पुष्कळदा पंप गेलेलाच नसतो.

टाकीतून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचवणं एवढंच पंपाचं काम. पण त्या वाटेवर टाकीचं झाकण, टाकीतली जाळी, नळ्यांचे जोड, रबरी पाईप, फिल्टर, वायर, फ्यूज, अर्थिंग आणि खुद्द पेट्रोल अशा कितीतरी गोष्टी येतात. यांतली कुठलीही बिघडली तरी चालवणाऱ्याला लक्षण एकच दिसतं, ते म्हणजे इंजिन उपाशी राहतं. अशा वेळी तपासणी न करता पंप बदलणं म्हणजे पैसे घालवणं आणि पुन्हा सहजी न मिळणारा मूळ भाग भंगारात देणं. त्यात आता एका नव्या कारणाची भर पडली आहे, पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलची. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, उसापासून हे इथेनॉल तयार होतं. त्याच जिल्ह्यातल्या जुन्या वाहनांनी ते पचवायचं कसं, हे सांगणारी धड यंत्रणा मात्र नाही. ती उभी करणं आणि जुन्या वाहनांसाठी वेगळ्या पेट्रोलची सोय ठेवणं हे सरकारचं काम आहे. ते टाळलं जात असल्याने चुकीची निदानं वाढणार आहेत.

आधी यंत्र समजून घ्यायला हवं. प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसिडर या दोन गाड्या महाराष्ट्राच्या कितीतरी घरांच्या आठवणीत आहेत. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या कंपनीची. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. या दोन्ही गाड्यांतला पेट्रोलचा पंप यांत्रिक, इंजिनालाच बोल्टने बसवलेला. कॅमशाफ्ट फिरला की पंपाचा दांडा हलतो, दांड्याबरोबर डायफ्राम हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. त्याला वीज लागत नाही. इंजिन थांबलं की पंपही थांबतो, ही त्याची मोठी सोय.

पण इंजिन तापलं की तोही तापतो. शिवाय तो लांबून पेट्रोल ओढत असल्याने नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोलची वाफ लवकर होते. वाफेचे बुडबुडे पंपात शिरले की डायफ्राम हलत राहतो, पुढे मात्र काही जात नाही. हाच व्हेपर लॉक. कसारा चढताना, खंबाटकी चढताना ड्रायव्हर मंडळी गाडी बाजूला घेऊन पंपावर ओलं फडकं गुंडाळत, ते याचसाठी. पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी चालू लागे. त्या फडक्यामागचं निदान अचूक होतं, हे आज मुद्दाम सांगायला हवं. पंप खराब नाही, तो तापला आहे, एवढा भेद त्या माणसांना कळत होता.

विजेच्या पंपाने ही अडचण बरीच कमी होते. तो टाकीजवळ बसवता येतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो, म्हणून त्याची वाफ सहजासहजी होत नाही. कितीतरी फियाटमालक आज याच कारणाने यांत्रिक पंपाच्या जागी किंवा जोडीला विजेचा पंप लावून घेतात. काही गाड्यांत तो कारखान्यातूनच येई. हिंदुस्तान मोटर्सची 'बेबी हिंदुस्तान' म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस मायनर, आणि तिच्यात एस.यू. कंपनीचा विजेचा पंप असे. स्किनर बंधूंनी 1910 मध्ये सुरू केलेली ही कंपनी कार्बोरेटरसाठी जगभर नावाजली गेली. एमजी आणि जॅग्वारच्या जुन्या गाड्यांतही तिचेच पंप सापडतात.

हा पंप उघडून पाहण्यासारखा आहे. वर काळ्या बेकलाईटची टोपी असते, एका नटावर घट्ट केलेली. ती काढली की टंग्स्टनच्या पॉइंटची जोडी दिसते. इग्निशन चालू केल्यावर या पॉइंटमधून करंट कॉइलमध्ये जातो, कॉइलचं चुंबक होतं, आतला लोखंडी गाभा आणि त्याला जोडलेला डायफ्राम ओढला जातो आणि टाकीकडून पेट्रोल आत येतं. गाभा शेवटाला पोचला की छोटी स्प्रिंग पॉइंट झटक्यात उघडते. करंट तुटतो, मोठी स्प्रिंग डायफ्राम परत ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे निघतं. डायफ्राम जागेवर आला की पॉइंट पुन्हा मिटतात. दर फेरीला एकदा 'टक्' असा आवाज होतो, आणि टोपी काढलेली असेल तर पॉइंटमध्ये निळसर ठिणगी दिसते. कार्बोरेटरची वाटी भरून फ्लोटची सुई बंद झाली की पुढे ढकलायला जागा उरत नाही आणि टिकटिक आपोआप थांबते. इंजिनाने पेट्रोल घेतलं की पुन्हा सुरू होते. एक कॉइल, एक डायफ्राम, दोन स्प्रिंगा आणि पॉइंट, एवढ्यावर हे सगळं नियंत्रण चालतं. या कारागिरीसमोर मान आपोआप झुकते.

म्हणूनच या पंपाची तपासणी कानाने सुरू होते.

त्याच्याही आधी मात्र स्पार्क पाहावा. तापलेली इग्निशन कॉइल किंवा कमजोर झालेला कंडेन्सर यांनीही गाडी चढणीवर अशीच आचके देत बंद पडते आणि थंड झाल्यावर मुकाट सुरू होते. लक्षणं इतकी सारखी, की पेट्रोलच्या नावाखाली कितीतरी कंडेन्सर सुटून जातात. प्लगला ठणठणीत स्पार्क येत असेल, तरच पेट्रोलच्या वाटेला लागावं. आणि पेट्रोलच्या नळीला हात लावायच्या आधी स्पार्कची परीक्षा पूर्ण संपलेली असावी. दोन्ही कामं एका वेळी करणं जिवावर बेततं.

इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करायचं आणि ऐकायचं. टिकटिक आधी भराभर, मग संथ, मग बंद, असं झालं तर पंप आपलं काम करतो आहे. दोष पुढे, म्हणजे कार्बोरेटरच्या सुईत, जेटमध्ये किंवा तिथल्या जाळीत शोधावा. टिकटिक भराभर चालूच राहिली आणि थांबायचं नाव घेत नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा पंप कुठून तरी हवा घेतो आहे. हवा घेणारा जोड बहुतेक टाकी आणि पंप यांच्यामध्ये असतो. तिथे पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. जुन्या रबरी पाईपला बारीक भेगा पडलेल्या असतात, किंवा क्लिप सैल झालेली असते. मालक पंप बदलतो, पाईप तोच ठेवतो आणि महिनाभरात नवा पंपही 'खराब' होतो.

टिकटिक अगदी रेंगाळत, अडखळत होत असेल तर वाट तुंबली आहे. इथे सगळ्यांत आधी टाकीचं झाकण उघडून पाहावं. टाकीतून पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत ती झाकणातल्या बारीक छिद्रातून येते. ते छिद्र धूळ किंवा रंगाने बुजलं की टाकीत निर्वात पोकळी होत जाते आणि काही किलोमीटरनंतर पंपाला पेट्रोल ओढवत नाही. झाकण सैल करताच 'फुस्स' आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर बिघाड टाचणीने दुरुस्त होण्यासारखा आहे. त्यानंतर फिल्टर, मग टाकीतली जाळी, मग गंज.

आणि टिकटिक मुळीच होत नसेल तर?

तर आधी वीज पाहायची. टेस्ट लॅम्पचं एक टोक पंपाच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. दिवा लागला नाही तर दोष फ्यूज, इग्निशन स्विच किंवा वायरमध्ये. दिवा लागला तरी समाधान मानू नये. दिव्याला थोडा करंट पुरतो, पंपाला जास्त लागतो. पंपाला वायर जोडलेली असतानाच मीटरने व्होल्टेज मोजावं. बॅटरीवर आणि पंपावर एक व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मधला एखादा जोड गंजला आहे. अर्थिंगही तितकीच फसवी. चासिसवर रंगाचा जाड थर चढवून गाडी चकाचक केलेली असते आणि पंपाचा अर्थ त्या रंगावरच कसलेला असतो. पॉलिश पेपरने जागा घासली, बोल्ट पुन्हा आवळला, की बंद पंप जिवंत होतो.

वीज पूर्ण पोचते आहे आणि तरीही पंप गप्प, असं असेल तर पॉइंटकडे वळावं. चार महिने उभ्या असलेल्या गाडीत पॉइंटवर काळपट पापुद्रा धरतो आणि करंट अडतो. पंपाच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक केलं की तो चालू होतो, ही खूण जगभरच्या मेकॅनिकांना माहीत आहे. ती निदानाची खूण आहे, दुरुस्ती नव्हे. टकटक करून चाललेला पंप पुढच्या चढणीवर पुन्हा थांबतो. पॉइंट साफ करायचे, झिजले असतील तर बदलायचे, डायफ्राम कडक झाला असेल तर नवा घालायचा, आणि नवा घालताना त्याचं अंतर नीट जमवायचं. एस.यू.ची रीत अशी की डायफ्राम आवळत जायचा, पॉइंट उडेनासे झाले की थांबायचं, मग हळूहळू सोडत पॉइंट जिथे नेमके उडतात ती जागा गाठायची आणि तिथून आणखी चार भोकं, म्हणजे दोन तृतीयांश फेरा, मागे घ्यायचा. पंपावर स्क्रूची सहा भोकं असतात, त्यांवरून हा हिशेब. एक इशारा इथे दिलाच पाहिजे. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत पंप अडकला असेल आणि इग्निशन तसंच चालू राहिलं, तर कॉइलमधून सतत करंट जाऊन ती तापते आणि जळू शकते. 'बघू, सुरू होईल' म्हणून किल्ली चालू ठेवून चहाला जाण्याने दुरुस्त होण्यासारखे कितीतरी पंप कायमचे गेले आहेत.

शेवटची कसोटी बाटलीची. इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरकडची नळी सोडून तिचं तोंड स्वच्छ बाटलीत धरायचं, आणि इग्निशन चालू करायचं. मॉरिस मायनरच्या पंपाने मिनिटाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल द्यावं. धार अखंड असावी, बुडबुडे नसावेत. जवळ विडी-सिगारेट नको, ठिणगी नको, आणि पावडरचं अग्निशामक हाताशी हवंच. ही अट मोकळ्या रस्त्यावरही तितकीच लागू आहे.

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डोंगरातल्या मुसळधार पावसात टिकणारी ही जात. तिथे जाणता शेतकरी बैलाच्या नुसत्या रंगावर भुलत नाही. खूर पाहतो, कातडीवरून हात फिरवतो, दात पाहतो, चालवून पाहतो आणि मगच किमतीचं बोलतो. जुन्या गाडीचा पंप तपासायलाही हीच सबुरी लागते, आणि ती या मुलखाला नवी नाही. कमतरता आहे ती शिकवण्याची. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आजच्या गाड्यांत टाकीतला पंप बिघडला की तो अख्खा बदलतात, स्कॅनर लावून कोड वाचतात, आणि नव्या मुलांना तेच आलं पाहिजे. पण व्होल्टेजची घट मोजणं, हवा कुठून शिरते ते शोधणं, धार मोजणं ही कामं नव्या गाडीलाही लागतात. एखादा एस.यू. किंवा फियाटचा पंप वर्गात टेबलावर उघडला तर विद्यार्थ्याला पेट्रोलची सगळी वाट एका तासात समजेल. अकोल्यासारख्या तालुक्यात, जिथे पर्यटकांची वाहनं वर्षभर घाट चढतात, तिथे हे शिक्षण थेट रोजगार देणारं आहे.

तपासणी न करता केलेल्या बदलातून मोठे धोके उभे राहतात. कार्बोरेटरच्या गाडीला दीड ते चार पीएसआय दाब पुरतो. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीच्या पंपाचा दाब 40 पीएसआयच्या वर असतो. दिसायला बरा आणि बाजारात सहज मिळतो म्हणून तो जुन्या गाडीला लावला, की फ्लोटची सुई दाबापुढे टिकत नाही, कार्बोरेटर भरून वाहू लागतो आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं. दुसरा धोका पोलॅरिटीचा. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला नवा पंप तिथे नेहमीच्या सवयीने जोडला तर क्षणात जळतो, आणि दुकानदार म्हणतो, माल खराब निघाला. तिसरा धोका सर्वांत गंभीर. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. विजेचा पंप अपघातानंतरही किल्ली चालू असेपर्यंत तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहू शकतो. म्हणून नंतर बसवलेल्या प्रत्येक विजेच्या पंपाला धक्का बसताच करंट तोडणारा स्विच, किंवा इंजिनातल्या ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच असायलाच हवा. काही हजारांच्या कामात ही खबरदारी गाळणाऱ्या गॅरेजकडून काम करून घेऊ नये.

आता इथेनॉलकडे. राजूरच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याचं विल्सन धरण आहे, 1926 मध्ये पूर्ण झालेलं. त्याचं पाणी प्रवरेतून खाली उतरतं आणि त्यावर ऊस पिकतो. याच कोल्हार-घोटी रस्त्यावर लोणीजवळ, प्रवरानगरला, 1950 मध्ये आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती लवकर पैसा येतो, उसाची बिलं वेळेवर निघायला मदत होते आणि देशाची तेलाची आयात कमी होते. हे फायदे खरे आहेत आणि या जिल्ह्याने ते मोलाचे मानले पाहिजेत. 2022 मध्ये देशात 10 टक्के मिश्रण गाठलं गेलं, 2025 मध्ये 20 टक्के. 2030 साठी ठेवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधी पूर्ण झालं. या वेगात जुनी वाहनं मागे राहिली.

इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. 1950-60 च्या गाड्यांतले डायफ्राम, पाईप, कॉर्कची पॅकिंगं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेली. ती फुगतात, मऊ होतात किंवा वाळल्यावर तडकतात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा आणि गंजाचे कण इथेनॉल सोडवून घेतं, ते थेट फिल्टरमध्ये आणि पंपाच्या व्हॉल्व्हखाली जाऊन बसतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो, आणि पेट्रोल उचलणारी नळी असते नेमकी तळाशी. घाटघर-रतनवाडीच्या पावसाच्या पट्ट्यात चार महिने उभी राहिलेली गाडी दसऱ्याला सुरू होत नाही, तेव्हा पंपाला दोष देण्याआधी हा थर पाहायला हवा.

एक फसवं लक्षण आणखी आहे. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो, आणि एका लिटरमधून मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून जास्त पेट्रोल सोडतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्याचं जेट ठरलेल्या मापाचं असतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन चढणीवर दम सोडतं, गरम होतं, आचके देतं. पंप पूर्ण क्षमतेने चालत असतानाही गाडी पंप गेल्यासारखी वागते. अशा गाडीला नवा पंप नको, एक नंबर मोठं मेन जेट हवं.

सरकारची भूमिका काय आहे? नीती आयोगाच्या जून 2021 च्या आराखड्यातच म्हटलं होतं की, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज 20 टक्के मिश्रणाने 6 ते 7 टक्क्यांनी घटेल. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, की काही जुन्या वाहनांत 20 ते 30 हजार किलोमीटर वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, आणि तो खर्च किरकोळ आहे. रोज धावणाऱ्या गाडीला हा हिशेब लागू पडेलही. जपून ठेवलेल्या गाडीला तो लागूच होत नाही. अशी गाडी वर्षाला काहीशे किलोमीटर चालते. तिचं नुकसान धावण्याने होत नाही, उभं राहण्याने होतं. 30 हजार किलोमीटर भरेपर्यंत एक पिढी जाईल, डायफ्राम मात्र त्याच्या कितीतरी आधी जाईल.

यात सरकारचाच दुसरा नियम पाहावा. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळू लागला. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की वाहन रोजच्या वापरात आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ते रस्त्यावर यावं. म्हणजे गाडी वारसा आहे हे सरकारला मान्य आहे, ती कमीच धावावी हेही सरकारनेच ठरवलं आहे. मग तिच्या इंधनाचा विचार किलोमीटरच्या मापाने करणं अन्यायाचं आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. न्यायालयाचा दरवाजा मिटला तरी धोरणाचा मिटलेला नाही.

ब्रिटनने हे आधी केलं आहे. सप्टेंबर 2021 मध्ये तिथे साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल आलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांपर्यंतचं सुपर ग्रेड पेट्रोल जाणीवपूर्वक चालू ठेवलं गेलं. त्याची किंमत जास्त आहे, पण ते मिळतं. अमेरिकेत बोटी आणि लहान इंजिनांसाठी कित्येक पंपांवर इथेनॉलविरहित पेट्रोल विकलं जातं. आपल्याकडेही तालुक्याला निदान एका पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल, हवं तर चढ्या दराने, ठेवता येईल. इथेनॉलच्या एकूण खपावर त्याने फरक पडणार नाही.

ही मागणी फक्त हौशी श्रीमंतांची आहे असं कुणी समजू नये. बजाज चेतक घरात असलेला निवृत्त शिक्षक, पेट्रोलवरचा फवारणी पंप आणि ग्रास कटर वापरणारा अकोले तालुक्यातला शेतकरी, सगळ्यांची हीच अडचण आहे. फवारणी पंप हंगामात चालतो आणि बाकी वर्ष टाकीत उरलेल्या पेट्रोलसह खोपटात पडून राहतो. त्याचा डायफ्राम बोटभर रुंदीचा असतो, आणि तो गेला की ऐन फवारणीत दिवस मोडतो.

दुसरी मागणी त्याहून सोपी आहे. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई आहे, पुण्यात वाहनांची चाचणी करणारी एआरएआय आहे. अहिल्यानगरच्याच रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी जपून ठेवलेली आहे. जुन्या यंत्रांची कदर इथे कुणाला शिकवायला नको. या संस्थांनी फियाट, अँबेसिडर, मॉरिस, चेतक यांचे डायफ्राम, पाईप आणि गॅस्केट 20 टक्के मिश्रणात तपासून टिकणाऱ्या मालाची यादी मराठीत जाहीर करावी, आणि त्या मालावर ठळक खूण असावी. आज दुकानात मिळणारं डायफ्रामचं किट कुठल्या रबराचं आहे, हे दुकानदारालाही माहीत नसतं. दोनशे रुपयांच्या त्या तुकड्यावर गाडीची आणि आत बसलेल्या माणसांची सुरक्षितता टांगलेली असते.

तोवर मालकांच्या हातात जे आहे ते करावं. पेट्रोलचे सगळे रबरी पाईप एकदाच बदलून 'एसएई जे30 आर9' छापलेले घ्यावेत. पारदर्शक फिल्टर लावला तर आत काय येतंय ते दिसतं. पावसाळ्यात उभी राहणारी गाडी असेल तर मे अखेर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. ते राहून गेलं असेल, तर दसऱ्याला किल्ली फिरवण्याआधी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल सगळं उपसून टाकावं, टाकी वाळवावी, फिल्टर नवा घालावा, ताजं पेट्रोल भरावं आणि मग इग्निशन चालू करून टिकटिक ऐकावी.